सरकत्या फलकावरील मराठी

रेल्वेच्या फलाटावर किंवा बाजार समितीच्या आवारात तांबड्या ठिपक्यांतून उजवीकडून डावीकडे सरकत जाणारा मजकूर आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. वस्तुतः त्यात काहीच सरकत नाही. एलईडी दिवे जागच्या जागी असतात. कोणता पेटावा व कोणता विझावा, एवढाच हुकूम मायक्रोकंट्रोलर हा चिमुकला संगणक त्यांना देत असतो.

आठ ओळी व आठ स्तंभ अशा एका ठोकळ्यात ६४ दिवे बसतात. प्रत्येकास स्वतंत्र तार न देता ओळींच्या आठ व स्तंभांच्या आठ, अशा १६ तारांवर काम भागविले जाते. त्यासाठी एका वेळी एकच ओळ पेटते. परंतु आठही ओळींची फेरी सेकंदास साठाहून अधिक वेळा होत असल्याने डोळ्यास सारा ठोकळा अखंड उजळलेला भासतो.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा असल्याने त्याचे लक्ष तारांपेक्षा अक्षरांकडे अधिक गेले. रोमन मोठी अक्षरे सात ओळींच्या उंचीत नीट बसतात. मराठीस मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार हवा. हे सारे आठ ओळींत कोंबले की पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा. ‘गावात पाणी येणार नाही’ आणि ‘गावांत पाणी येणार नाही’ यांत अंतर एका ठिपक्याचे. पण पहिल्या सूचनेने एकच गाव घागरी भरून ठेवील, दुसरीने अनेक. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांची गतही तीच. ठोकळे दुप्पट लागले तरी मराठीसाठी १६ ओळींचाच फलक मागावा.

जोडाक्षरे घडविण्याचे काम नियंत्रकावर न सोपविता संपूर्ण वाक्याचे ठिपक्यांचे चित्र आधीच तयार करून त्याच्या स्मृतीत ठेवणे सोयीचे. १६ ओळींच्या एका स्तंभास दोन बाइट लागतात, म्हणजे ४०० स्तंभांच्या वाक्यास ८००. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत आढळणाऱ्या आर्डुइनो उनोच्या नियंत्रकात कार्यक्रम व अशी चित्रे मिळून ३२ किलोबाइट जागा असते. दर क्षणी चित्र एकेक स्तंभ पुढे दाखविले की मजकूर सरकू लागतो.

सेकंदास २० स्तंभ अशी गती ठेवल्यास ६४ स्तंभांच्या फलकावर अक्षर सुमारे तीन सेकंद दिसते. ही गती पुरेशी आहे की नाही, ते गावातील एखाद्या नवसाक्षराकडून वाचून घेऊन ठरवावे. फलक ताब्यात घेण्यापूर्वी सर्व दिवे एकदम पेटवून पाहावेत. अनुस्वाराची आडवी ओळच बंद असेल, तर सरकत्या मजकुरात ते चटकन लक्षात येत नाही.