माफी मिळाली, मग शुद्धी कशासाठी?

मननासाठी : लूक १९:१-१०, १ करिंथ ३:११-१५



२ नोव्हेंबर हा कॅथलिक ख्रिस्तसभेत सर्व मृत विश्वासीयांच्या स्मरणाचा दिवस. गेल्या वर्षी त्याआधीच्या आठवड्यात मी एका पाड्यावर बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली तरी एक मावशी थांबून राहिली. तिचा नवरा पावसाळ्यात वारला होता. शेवटच्या दिवसांत फादरांनी येऊन त्याचा पापस्वीकार ऐकला होता, पवित्र तेल लावले होते.

“ताई, देवानं त्याला माफ केलं ना?”

“केलं, मावशी.”

“मग तो अजून आगीत कशाला? मी दोन शेळ्या विकते. तेवढ्यात किती मिस्सा होतील? तो कधी सुटेल?”

त्या दोन शेळ्या हीच तिची सगळी ठेव होती. धर्मशास्त्राच्या पदविकेला हा विषय मी शिकले होते, पण इतका महत्त्वाचा तो तेव्हा वाटला नव्हता. तिच्याशी जे बोलले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडते.

१. शिकवण काय आहे?

देवाच्या कृपेत व मैत्रीत मरण पावलेल्या, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेल्या माणसाची देवदर्शनापूर्वी होणारी शुद्धी म्हणजे शुद्धीस्थान. अशा माणसाचे तारण निश्चित असते. हा छोटा नरक नव्हे. नरकवासाहून ही शुद्धी अगदी वेगळी आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली समजावले की, हे एखादे ठिकाण नसून आत्म्याची अवस्था आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आपल्या परिपत्रकात काही धर्मपंडितांचा विचार मांडला : ही आग म्हणजे स्वतः ख्रिस्ताची भेट. त्याच्या नजरेसमोर आपले खोटेपण जळते. ते दुखते, पण त्यानेच आपण बरे होतो.

संत पौलही पाया व बांधकाम यांची उपमा देतो. पाया ख्रिस्त आहे. त्यावर कोणी सोन्याने बांधतो, कोणी गवताने. गवत जळून जाते, पण माणूस वाचतो.

२. देवाची माफी अपुरी असते का?

मी मावशीला विचारले, “तुमच्या नवऱ्याने दारू सोडली, तेव्हा तुम्ही त्याला कधी माफ केलंत?”

“त्याच दिवशी. पाया पडला माझ्या.”

“आणि तो बरा कधी झाला?”

ती गप्प राहिली. मग सांगू लागली : हात थरथरायचे, रात्र रात्र झोप नसायची, ती उशाशी बसून असायची. उधारी फेडायला दोन वर्षे गेली. मारलेल्या मुलाशी तो पुन्हा बोलू लागला, त्यालाही वेळ लागला.

माफी अर्धवट होती म्हणून हे घडले का? नाही. माफी पूर्ण होती म्हणूनच ती त्याच्या उशाशी बसली. पाप क्षमा होते, पण त्याने लावलेली सवय आणि केलेली जखम उरते. ती भरून काढणे हे देवाने बाहेरून घेतलेला सूड नव्हे. ते पापाच्या स्वभावातूनच येते, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जक्कयाचे पाहा. येशू आधी त्याच्या घरी गेला. लुबाडलेले चौपट परत देण्याचे वचन जक्कयाने नंतर दिले.

३. मग मृतांसाठी प्रार्थना कशाला?

मावशी उशाशी बसली, म्हणून. मरणाने प्रीतीचे नाते तुटत नाही. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात यहूदा मक्काबी आपल्या मृत सैनिकांसाठी पापार्पण करवतो. आपले प्रॉटेस्टंट बंधुभगिनी हे पुस्तक शास्त्रात धरत नाहीत व शुद्धीस्थान मानत नाहीत. ख्रिस्ताचे अर्पण पुरेसे आहे, असा त्यांचा आग्रह असतो. तो कॅथलिकांनीही ऐकावा, कारण शुद्ध करणारा ख्रिस्तच आहे, आपला पैसा नव्हे.

या बाबतीत ख्रिस्तसभेच्या इतिहासात मोठी चूक झाली आहे. दंडमाफीच्या पत्रांचा बाजार मांडला गेला आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने शुद्धीस्थानाची शिकवण कायम ठेवली, पण अंधश्रद्धा व पैशाचा लोभ यांना थारा देऊ नका, असे बिशपांना बजावले. मिस्सासाठी दिले जाते ते दान, किंमत नव्हे. आजच्या धर्मसभा कायद्याचा ९४५वा नियम धर्मगुरूंना आग्रहाने सुचवतो की, दान मिळाले नाही तरी श्रद्धावंतांच्या, विशेषतः गरजूंच्या, हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी.

हे मी मावशीला सांगितले. २ नोव्हेंबरला फादरांनी तिच्या नवऱ्याचे नाव घेऊन मिस्सा केली. ती काही न देता आली होती. जाताना म्हणाली, “म्हणजे आता त्याच्या उशाशी देव बसलाय.” शेळ्या गोठ्यातच आहेत.

विचार करू या :
१. मी ज्याला माफ केले, त्याला बरे व्हायला सोबत करतो का?
२. माझ्यामुळे झालेले कोणते नुकसान आज, जिवंतपणीच, भरून देता येईल?
३. आपल्या वस्तीत देवाच्या भीतीने कोणी कर्ज काढत आहे का?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या मृतांना तुझ्या प्रकाशात घे. तुझी माफी विकत घ्यावी लागत नाही, हे आम्हांला कळू दे आणि दुसऱ्यांना सांगण्याचे धैर्य दे. आमेन.