गाडी वेशीपर्यंतच

म्युनिकहून व्हिएन्नाला गाडी घेऊन जायचं ठरवलंत, बरं केलंत. साल्झबुर्गमार्गे सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर आहे. सकाळी निघालात तर वाटेत थांबूनही संध्याकाळच्या आत पोचाल. इकडे राहून कळलेल्या चार गोष्टी सांगते. तू चालवणार असलीस, तरी शेजारी बसणाऱ्यालाही ऐकव.

आधी कागद. पुण्यातल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आण, पण तो एकटा चालत नाही, मूळ लायसन्सही जवळ हवं. गाडी ऑस्ट्रियात नेणार आहोत, हे भाड्याने घेतानाच सांग. पासपोर्ट हाताशी ठेव. परतताना हद्दीवर जर्मन पोलीस तपासतात, २०१५ पासून हे चालू आहे.

या वाटेवर टोलनाके दिसत नाहीत, म्हणून रस्ता फुकट आहे असं समजू नकोस. ऑस्ट्रियाच्या महामार्गासाठी व्हिन्येट (टोलचा पास) लागतं. ते गाडीच्या नंबरावर ऑनलाइन मिळतं. तुम्हाला १० दिवसांचं पुरेल. भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात आल्यावरच कळतो, तेव्हा तिथेच उभी राहून घे. नंबर आणि सुरू होण्याची तारीख दोनदा वाच. अडवायला कुणी आलं नाही, तरी कॅमेरा बघतो आणि दंड मागाहून येतो.

गाडी उजव्या बाजूने चालवायची, हे मोकळ्या रस्त्यावर लक्षात राहतं. चुकायला होतं ते पेट्रोल भरून बाहेर पडताना. तेव्हा शेजारच्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. डावी लेन फक्त ओव्हरटेकपुरती. जर्मनीत काही पट्ट्यांवर वेगाला मर्यादा नाही, म्हणून आरशात लांब दिसणारी गाडी क्षणात मागे येते. ऑस्ट्रियात १३०ची मर्यादा आहे, पाटी कमी सांगत असेल तर कमी.

वाहतूक तुंबायला लागली की सायरनची वाट बघायची नाही. डाव्या लेनने डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. मधली वाट अँब्युलन्सची. कायदाच आहे तसा.

धाकट्याला मांडीवर घेऊन बसायचं नाही. ऑस्ट्रियात १४ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळी सीट लागते. गाडीबरोबरच ती सांगून ठेव. चमकतं जॅकेट, त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीत आहे ना, तेही बघून घे.

जेवायला महामार्गावर थांबू नका, मेल्कला उतरा. टेकडीवरचा पिवळा मठ रस्त्यावरूनच दिसतो. वेळ असेल तर तिथून डॅन्यूबच्या काठाने क्रेम्सपर्यंत जा. द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागांचा तो वाखाऊचा पट्टा, महामार्गावर राहिलात तर हुकेल. रविवार असेल तर खायचं सामान शनिवारीच भरून घे, दुकानं बंद असतात.

आता मुख्य गोष्ट. गाडी व्हिएन्नापर्यंत न्यायची, व्हिएन्नात नाही. मार्च २०२२ पासून सगळं शहर सशुल्क पार्किंगखाली आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १०, आणि एका जागी जास्तीत जास्त दोन तास. दर दोन तासांनी गाडी हलवायची की राजवाडे बघायचे? शिवाय ट्राम थांबली, दारं उघडली, की आपणही थांबायचं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला, तर तो पिवळा होणार आहे, दामटायचं नाही.

तू पश्चिमेकडून येशील. शहराच्या तोंडाशीच ह्यूटेलडोर्फला पार्क अँड राइड आहे. गाडी तिथे ठेव आणि यू-४ मेट्रोत बस. शोनब्रुनचा राजवाडा त्याच मार्गावर लागतो, पुढे कार्ल्सप्लात्झला उतरलं की ऑपेरा. हॉटेलही यू-४च्या जवळचं घे, म्हणजे बॅगा फार ओढाव्या लागणार नाहीत. आणि गाडी लावल्यावर मजल्याचा आकडा आणि पार्किंगचं तिकीट, दोन्हींचे फोटो काढून ठेव.