नवे गाणे, जुना सूर : नाव कोणाचे?



स्नेहसंमेलनात तुम्ही ज्या गाण्यांवर नाचता, त्यांतली काही जुन्या गाण्यांचे तुकडे जोडून रचलेली असतात. हिप-हॉप संगीतात याला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. यात नुसती चाल घेत नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणातला प्रत्यक्ष आवाजच कापून घेतात, तो पुन्हा पुन्हा वाजवतात आणि त्यावर नवा ठेका, नवे शब्द बसवतात. म्हणून येथे दोन हक्क येतात : एक गीत-संगीत रचणाऱ्यांचा, दुसरा ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा.

२००२ साली अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे खूप गाजले. त्यात रॅपर राकिमही होता. पण त्यात घुमणारा आवाज होता आपल्या लतादीदींचा! ‘ज्योती’ (१९८१) चित्रपटातले बप्पी लाहिरींचे ‘थोडा रेशम लगता है’ हे गाणे त्यात वापरले होते. परवानगी घेतली नव्हती, नावही दिले नव्हते. प्रकरण कोर्टात गेले. बप्पी लाहिरींचे नाव लावल्याशिवाय सीडी विकू नये, असा आदेश २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला.

याउलट, २००५ साली ब्लॅक आइड पीज या गटाने आशाताईंनी गायिलेल्या ‘ये मेरा दिल’चे (‘डॉन’, १९७८) सूर घेतले. संगीतकार कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावे रचनाकारांत दिली. त्या गाण्याला २००६ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. नाव दिल्याने त्यांचे काय कमी झाले?

ही रीत आपल्या मातीला नवी नाही. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) रचताना त्यांनी साक्या, दिंड्या, कानडी चाली मोकळेपणाने घेतल्या. आणि संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडून पाहा : पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे मूळ पदाचे नाव छापलेले असते. घेतले, पण लपवले नाही.

पालकहो, आता आमची चूक सांगतो. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नाचणाऱ्या मुलांची नावे असत; गीतकार-संगीतकारांची कधीच नसत. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रकल्पाखाली मुले स्वतःचेच नाव घालतात, तेव्हा आम्ही रागावतो. पण हा धडा त्यांनी आमच्याकडूनच घेतला नसेल का? यंदापासून पत्रिकेत प्रत्येक गाण्याखाली मूळ नावे छापू. विश्वस्त मंडळाने एका जादा पानाचा खर्च मंजूर करावा, ही विनंती.

स्वाध्याय :
१) आवडत्या रिमिक्स गाण्याचे मूळ गीत, गीतकार, संगीतकार व गायक शोधून लिहा.
२) आजी-आजोबांना एक जुनी ओवी किंवा भजन म्हणायला सांगा. ती चाल त्यांनी कोणाकडून घेतली, तेही विचारा व नोंदवा.

— मुख्याध्यापक