शासनव्यवहाराची परिभाषा : ‘विद्यावेतन’

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘आशा बाळगणारा’ हा त्याचा मूळ अर्थ. निवडणुकीतला उमेदवार आणि कारखान्यातला शिकाऊ उमेदवार, दोघेही त्या अर्थाला जागतात! मात्र शिकाऊ उमेदवाराला मिळणाऱ्या रकमेचे नाव अधिक बारकाईने पाहावयास हवे.

‘विद्यावेतन’ हा तत्पुरुष समास आहे. त्यात ‘वेतन’ हे उत्तरपद प्रधान असल्याने वाचकाला तो पगार वाटतो. परंतु शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 अशा उमेदवारास कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी मानतो. प्रशिक्षणानंतरच्या नोकरीची हमी त्यात नाही. समासाने दिलेली आशा कायदा मान्य करीत नाही.

रक्कम कोण देतो, हेही शब्दांवरूनच कळते. केंद्राच्या 2016 च्या प्रोत्साहन योजनेत विहित विद्यावेतनाच्या 25 टक्के, दरमहा कमाल 1500 रुपये, एवढ्या रकमेची आस्थापनेला ‘प्रतिपूर्ती’ होती. म्हणजे मालकाने आधी द्यावयाचे, शासनाने मागाहून भरून द्यावयाचे. महाराष्ट्राच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत मात्र बारावी उत्तीर्णांस 6000, आयटीआय वा पदविकाधारकांस 8000 आणि पदवीधरांस 10000 रुपयांचे मासिक विद्यावेतन शासनाकडून थेट बँक खात्यात जमा करण्याची तरतूद झाली. शब्द तोच, दाता निराळा.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या शिकाऊ उमेदवाराचे करारपत्र मिळवून वाचा. त्यात ‘वेतन’, ‘मानधन’ आणि ‘विद्यावेतन’ यांपैकी कोणते शब्द येतात आणि ते देण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे, ते सोदाहरण लिहा.