गावच्या बँकेची नोट घेताना

१८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेत गावोगावच्या ‘नॅशनल’ बँका स्वतःच्या नावाने नोटा काढत. बँक सरकारी रोखे तारण ठेवी, सरकार तिच्या नावाच्या नोटा छापून देई. नोटेवर गावाचं नाव, बँकेचा चार्टर क्रमांक, कॅशियर आणि अध्यक्षांच्या सह्या असत. १९०० मध्ये तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात २५,००० डॉलर भांडवलावर बँक काढायला परवानगी मिळाली आणि अगदी लहान वस्त्यांचीही नावं नोटांवर आली. माझा जीव या लहान गावांच्या नोटांवर आहे.

मोठ्या शहरातल्या बँकेची, १९२९ च्या मालिकेतली दहा किंवा वीस डॉलरची वापरलेली नोट साधारण शंभर डॉलरच्या आसपास मिळते. १९०२ च्या मालिकेतली, आकाराने मोठी असलेली साधी नोट घ्यायची तर शंभर ते दोनशे धरा. १८८२ ची तपकिरी पाठीची नोट बहुधा काही शे डॉलरखाली येत नाही. आडवा मोठा ‘२’ असलेली दोन डॉलरची जुनी नोट जीर्ण असली तरी हजारांत जाते.

हे झाले सर्वसाधारण भाव. खरी किंमत ठरते ती त्या बँकेच्या किती नोटा आज शिल्लक आहेत यावर. दोन नोटा दिसायला सारख्या, मालिका एकच, पण एका बँकेच्या शेकडो नोटा उरलेल्या आणि दुसरीच्या दोन-तीनच. मग भावात दहापट फरकही पडतो. नेवाडा, अलास्का इथल्या नोटा महाग असतातच. पेनसिल्व्हेनियात बँका सर्वांत जास्त होत्या, म्हणून तिथल्या नोटा स्वस्त समजल्या जातात. पण तिथल्याही एखाद्या छोट्या गावाची नोट दुर्मिळ निघू शकते. त्यामुळे पैसे देण्याआधी चार्टर क्रमांकावरून शिल्लक नोटांची नोंद पाहायलाच हवी. ही नोंद कायमची नसते, हेही ध्यानात ठेवा. कुणाच्या जुन्या पेटीतून गठ्ठा निघाला की भाव उतरतो.

लिलावात बोलीवर साधारण वीस टक्के अधिभार लागतो. बोली ५०० ची असेल तर हातातून ६०० जातात. विक्रीकर आणि टपालखर्च वेगळा. दर्जा ठरवून बंद पाकिटात देणाऱ्या संस्थेकडे नोट पाठवायची तर टपाल आणि विमा धरून पन्नास डॉलर सहज लागतात. शंभराच्या नोटेवर हा खर्च करू नका. पाचशेच्या पुढे मात्र जरूर करा, कारण धुतलेली, इस्त्री केलेली, कडा छाटलेली किंवा फाटलेली जागा जोडलेली नोट नुसत्या डोळ्यांना चांगली दिसते. जुन्या मोठ्या नोटांवरच्या सह्या शाईच्या किंवा रबरी शिक्क्याच्या. त्या ठळक असतील तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

पाचशे डॉलर हाताशी असतील तर शहरी बँकांच्या पाच नोटांऐवजी एका खेड्याची एकच घ्या. ती पीव्हीसीच्या पाकिटात मात्र ठेवू नका, त्याने कागद खराब होतो. मायलरचं पाकीट एक-दोन डॉलरला मिळतं.