सीएसचा आकडा बघून हात चालवू नकोस

अगं, रात्रपाळीला एकटी असशील तेव्हा व्हीएमस्टॅटमध्ये सीएसखाली, म्हणजे सेकंदाला किती वेळा प्रोसेसची अदलाबदल झाली त्या रकान्यात, साठ हजार दिसले, तर लगेच कुणाला उठवायचं नाही. तो आकडा अख्ख्या मशीनचा आहे, एका कोरचा नव्हे. आधी एनप्रॉक मार, येईल त्याने भाग. 32 आले तर कोरमागे सेकंदाला 1,900च्या आतबाहेर. एका अदलाबदलीला ढोबळ दोन मायक्रोसेकंद धर. कोरचे चार मिलिसेकंदही जात नाहीत, अर्धा टक्कासुद्धा नाही. तेच साठ हजार दोन कोरच्या मशीनवर असते तर सहा टक्के वेळ नुसत्या उठबशीत गेला असता. कॅश मेमरी थंड पडल्याचा भुर्दंड वेगळा, तो यात धरलेला नाही.

मला हे मार खाऊन कळलं. एका जुन्या नोकरीत दोन कोरच्या सर्व्हरसाठी वीस हजारांवर अलार्म लावला होता. पुढे 32 कोरचं मशीन आलं, अलार्म मात्र तोच राहिला. रोज रात्री बोंबलायचा. एकदा मी वैतागून डेटाबेसच रिस्टार्ट केला. गरम असलेली सगळी मेमरी गेली आणि सकाळी खरोखरचीच तक्रार आली. मशीनला काही झालेलं नव्हतं, घोळ माझाच.

व्हीएमस्टॅटची पहिली ओळ सोडून द्यायची. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. कमांडमागे 1 लिहून सेकंदासेकंदाला चालू ठेव, खालच्या ओळी बघ.

भागाकार करूनही आकडा मोठा वाटला, तर पिडस्टॅटला डब्ल्यू आणि टी दोन्ही लाव. टी विसरलीस तर फक्त मुख्य थ्रेडच दिसतो आणि खरा गुन्हेगार सुटतो. तिथे दोन रकाने आहेत. बँकेच्या खिडकीपाशी फॉर्म अर्धवट राहिला म्हणून गिऱ्हाईक स्वतःच बाजूला होतं, तो पहिला रकाना: प्रोसेस डिस्कची, नेटवर्कची किंवा कुलपाची वाट बघत आपणहून उठली. वेळ झाली म्हणून शिपाई हाताला धरून बाजूला करतो, तो दुसरा, नावाच्या सुरुवातीला एनव्ही असलेला. तो फुगला आणि व्हीएमस्टॅटमधला आरही, म्हणजे धावायला तयार असलेल्यांचा आकडा, कितीतरी वेळ कोरच्या संख्येच्या वर राहिला, तर गर्दी खरी आहे. थ्रेड कमी कर, नाहीतर कोर माग.

पहिला रकाना फुगला, एसवाय, म्हणजे कर्नलमध्ये जाणारा वेळ, चढला आणि काम मात्र पुढे सरकत नसेल, तर मला आधी कुलपाचाच संशय येतो. आठ कोरवर चारशे थ्रेडचा पूल ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. सगळे एकाच म्यूटेक्सपाशी ताटकळतात. तिथे कोर वाढवून काही होत नाही, उलट भांडणारे वाढतात.

सरासरीवरही भोळा विश्वास नको. एमपीस्टॅटने प्रत्येक कोर सुटा बघ; कधी नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट एकट्या शून्य नंबरच्या कोरच्या डोक्यावर बसलेले असतात आणि बाकीचे एकतीस निवांत.

आणि शांत दिवशीचे आकडे लिहून ठेव. सोमवारी सकाळी दहाचे, महिनाअखेरीचे, बॅकअप चालू असतानाचे. माझी वही दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे. दोन कोरवाल्या मशीनच्या पानांवर मीच काट मारलीय, ती वापरू नकोस.