आकाशातून दिसणारे वन

भंडारा शहराजवळून वैनगंगा वाहते. या जिल्ह्यात तलाव इतके आहेत की, लोक त्याला तलावांचा जिल्हाच म्हणतात. कोका अभयारण्यात साग, ऐन, मोह व बांबू वाढतात. गावोगावच्या रस्त्यांवर चिंच व कडुनिंब सावली धरून उभे असतात. मुलांनो, ही सारी झाडे पायी फिरून पाहावयाची झाली, तर किती माणसे आणि किती दिवस लागतील बरे?

म्हणूनच हे काम आता उपग्रहाच्या साहाय्याने करतात. वस्तूला स्पर्श न करता दुरूनच तिची माहिती मिळविण्याच्या या विद्येला सुदूर संवेदन म्हणतात. भारताचा आय. आर. एस.-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले.

उपग्रहाला झाड कसे ओळखू येते? हिरवे पान सूर्याचा तांबडा प्रकाश शोषून घेते. परंतु आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ते मोठ्या प्रमाणात परत फेकते. उपग्रह हे किरण टिपतो. चित्र तयार करताना त्यांना बहुधा तांबडा रंग देतात. त्यामुळे हिरवेगार रान चित्रात लालभडक दिसते, आणि पाणी हे किरण शोषून घेत असल्याने तलाव काळसर दिसतात! रोगट पाने हे किरण कमी परतवितात. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेऊन रोगट नारळीची झाडे अशीच ओळखली होती.

परंतु आकाशातील या डोळ्यालाही मर्यादा आहेत. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, तर पावसाळ्यात ढग आड येतात. म्हणून वनांची पाहणी पावसाळा सरल्यावरच्या चित्रांवरून करतात. शिवाय देशाच्या वनपाहणीत निदान एक हेक्टर जागेवरील वृक्षाच्छादनच वन म्हणून धरले जाते. ज्या चित्रातील एक ठिपका २३.५ मीटर लांब-रुंद जागा दाखवितो, त्यात रस्त्यावरची एकटी चिंच घरांच्या छपरांत मिसळून जाते. ५.८ मीटरच्या ठिपक्यांच्या चित्रात मात्र तिचा मोठा घेर उमटू शकतो. शहरातील झाडांसाठी अशी सूक्ष्म चित्रे हवीत.

तरीही ते झाड चिंचेचे की वडाचे, त्याचे खोड पोखरले आहे काय, हे कळण्यास माणसाला त्याच्यापाशीच जावे लागते. जे कोणत्याच नोंदीत नाही, ते झाड तुटले तरी कोणाला कळत नाही. म्हणून उपग्रहाने रान पाहावे, आणि आपल्या दारचे झाड आपण पाहावे.

स्वाध्याय
१. चित्रात रान तांबडे का दिसते?
२. वनांची पाहणी पावसाळ्यानंतरच्या चित्रांवरून का करतात?
३. शाळेभोवतालच्या झाडांची नावे व संख्या लिहून एक नकाशा काढा.